घंगाळातले शिंपले

"बाई, घरनं फोन हाय तुमच्या. म्हातारं लई घाबरल्यालं वाटतंय."

बहिरू वर्गाच्या दारातूनच ओरडला आणि तेजस्विनीच्या हातातला खडू फळ्यावर तसाच थांबला. बहिरूचं किराणा दुकान शाळेच्या समोरच होतं. आण्याच्या पठारावर मोबाईल कधी लागायचा, कधी नाही, म्हणून तिनं घरी त्याच्या दुकानाचा नंबर देऊन ठेवला होता. दिला त्या दिवसापासून तिला धास्ती होती, की या नंबरवर कधीतरी फोन येणार. मुलांना पाढे लिहायला सांगून ती धावलीच.

"मामा? काय झालं?"

पलीकडे तिचे सासरे भागुजी धापा टाकत होते. "तेजू, टाकीचं पाणी दुधावानी झालंय बग. सकाळधरनं लाईट नव्हती, आत्ता आली. आली तसं त्यो कडंचा मोठा निळा हाय का, त्यानं अंग आवळलं अन् पिचकारी मारली पांढरी. मग त्याच्या शेजारच्यानं मारली. आता समदीच माराया लागलीत. गाईवानी ईत असत्यात का गं ही?"

तेजस्विनीनं गल्ल्याची कड घट्ट धरली. जहाजावर परत जाण्याआधी रुपेशनं, तिच्या नवऱ्यानं, हेच सांगितलं होतं. एकत्र ठेवलेल्या शिंपल्यांची खरी भीती हीच. उन्हाची काहिली झाली, पाणी तापलं की एखादा आपलं बीज पाण्यात सोडतो. त्याचा वास लागला की दुसरा सोडतो, मग तिसरा. समुद्रात ते वाहून जातं. काचेच्या टाकीत कुठं जाणार? पाणी नासतं, त्यातली हवा संपते, आणि सगळेच्या सगळे गुदमरून मरतात.

"मामा, नीट ऐका. पडवीत निळा ड्रम आहे ना, त्यात खारं पाणी भरून ठेवलंय. ते भांड्यात घ्या आणि एकेकाला उचलून त्यात ठेवा. अलगद उचला."

"कंच्या भांड्यात?"

"कुठल्याही! मोठं असेल ते घ्या, घरातलं सगळ्यात स्वच्छ असेल ते. साबण लागलेलं नको. पण लवकर करा, मामा."

"व्हय, व्हय. करतो." फोन आदळल्याचा आवाज आला.

मुख्याध्यापकांना काय सांगावं हे तिला कळेना. शिंपले मरताहेत म्हणून रजा द्या, असं कोण म्हणणार? घरी अडचण आहे, एवढंच म्हणाली. दुसरीच्या वर्गाचे भगवंत गुरुजी तिचा चेहरा बघून आपणहून उठले आणि त्यांनी मोटारसायकल काढली. "पिंपळवंडीला, थेट घरापर्यंत सोडतो. एष्टीची वाट बघत बसलात तर संध्याकाळ होईल."

चैत्रातलं ऊन. पठारावर सावलीला झाड म्हणून नाही. गाडी घाटाकडे निघाली तशी तेजस्विनीला मनातल्या मनात टाकी दिसायला लागली. बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या खालच्या भिंतीला लावलेली, पुरुषभर लांबीची. तळाला पांढरे दगड, आणि दगडांवर नऊ शिंपले. शिंपले म्हणजे कुकडीच्या पात्रात सापडतात तसले नखाएवढे नव्हेत. भाकरीएवढे, काही तर परातीच्या तळाएवढे. जड, पन्हळी पत्र्यासारखे वळसेदार, आणि उघडल्यावर काठाबाहेर मखमलीसारखा ओठ येणारे. कुणाचा ओठ निळा, कुणाचा हिरवा, कुणाचा जांभळा, त्यावर सोनेरी ठिपके. पहिल्यांदा बघायला अर्धी वाडी लोटली होती. "आमटी करायची का याची?" असं विचारून लोक हसून गेले होते.

रुपेश मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. "समुद्रावर राहून समुद्र दिसत नाही गं," तो म्हणायचा. "मी असतो खाली, इंजिनाच्या धगीत." एकदा दूरच्या कुठल्याशा बेटाजवळ जहाज दुरुस्तीला थांबलं, तेव्हा गुडघाभर पाण्यात त्यानं हे शिंपले पाहिले. ओळीनं, दाटीवाटीनं, ऊन खात बसलेले. तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. पुढे कळलं की परदेशात हौदात यांची पैदास करतात आणि मुंबईत एकजण मागवून देतो. पहिल्या सुट्टीत त्यानं दोन आणले. नंतर वाढवत गेला. मुंबईचा माणूस म्हणाला होता, घरच्या टाकीत इतके नका ठेवू. पण रुपेशला ते एकमेकांना खेटून बसलेलेच हवे होते. "एकटा ठेवला की शोकेसमधली वस्तू वाटते," म्हणायचा.

आणि तो निघून जायचा. वर्षातले बरेचसे महिने टाकी तेजस्विनीच्या गळ्यात. वर दिव्यांचा प्रखर उजेड लागायचा, पाणी सतत हलतं लागायचं, थंड लागायचं. वीज मंडळाचं लोडशेडिंगचं वेळापत्रक तिला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ होतं. इन्व्हर्टर फक्त पंप ओढायचा, तोही बॅटरी उतरेपर्यंत. स्वयंपाक करताना, वह्या तपासताना तिचा एक कान पंपाच्या घरघरीकडे असायचा. घरघर थांबली की ती हातातलं टाकून टाकीकडे धावायची. फोनवर रुपेश आधी विचारायचा, "उघडलेत ना सगळे?" मग, "तू कशी आहेस?" तिला त्याचं वाईट वाटायचं, पण ती मोजून सांगायची, उघडलेत, सगळे उघडलेत.

"काळजी करू नका," पुढून भगवंत गुरुजी वाऱ्यावर ओरडले. "मामा आहेत ना घरी? जुनी माणसं हाताची व्यवस्थित असतात. आमच्या वडलांची भांडी बघा, आरशासारखी."

तेजस्विनी हूं म्हणाली. आणि मग तिला आठवलं.

घरातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात स्वच्छ भांडं.

घंगाळ.

भागुजींचं तांब्याचं घंगाळ, त्यांच्या आईच्या वेळचं, रुंद तोंडाचं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. दर आठवड्याला ते स्वतः अंगणात बसून चिंच आणि राख लावून घासायचे. सुनेला हात लावू द्यायचे नाहीत. "तांब्यात इख टिकत न्हाई," असं त्यांचं ठाम मत. आणि रुपेशनं जाताना दहादा बजावलेलं होतं, टाकीच्या आसपास तांबं-पितळ नको. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं, आणि शिंपल्यांना ते विष. त्यानं टाकीजवळची उघडी वायरसुद्धा काढून टाकली होती. हे तेजस्विनीला माहीत होतं. भागुजींना कुणी सांगितलंच नव्हतं. ते टाकीला हात लावत नसत. नुसते खुर्ची ओढून बघत बसत. त्यांना सांगायची वेळ येईल असं कुणाला वाटलं होतं?

"गुरुजी, बेल्ह्यात थांबा. फोन करायचाय."

मोबाईल घाईत वर्गातच राहिला होता. बेल्ह्याच्या बूथवरून तिनं घरचा नंबर तीनतीनदा फिरवला. एंगेज. फोन ठेवताना घाईत रिसीव्हर नीट बसला नसणार. ती बूथमधून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. पुन्हा एंगेज. शेवटी गाडीवर बसली. आळेफाटा येईपर्यंत ती एकच गोष्ट मनात घोळवत होती: बादल्या घेतल्या असतील. प्लास्टिकच्या बादल्या मोरीतच असतात, हाताशी. बादल्याच घेतल्या असतील.

घराच्या दारात उतरली तेव्हा आतून पाण्याचा आवाज येत होता. वरून खाली, धार सोडल्यासारखा.

बाहेरच्या खोलीत टाकी पिठाच्या पाण्यासारखी पांढरी झाली होती. आत एकही शिंपला नव्हता. जमिनीवर दोन प्लास्टिकच्या बादल्या होत्या, आणि मध्ये घंगाळ. त्याचं तांबं इतकं लख्ख की दारातलं ऊन त्यात पेटल्यासारखं दिसत होतं. भागुजी शेजारी पाटावर बसले होते. धोतर मांडीपर्यंत भिजलेलं. पेल्यानं पाणी उचलून ते उंचावरून परत घंगाळात सोडत होते, हवा लागावी म्हणून. सासूबाई, जानकाबाई, बादल्यांमधलं पाणी तसंच खालवर करत होत्या.

"आलीस?" भागुजींचा चेहरा फुलला. "एकबी मरू दिला न्हाई बग. बादल्यात चारच मावली, बाकीची पाच हिकडं घेतली. घंगाळ घासून घेतलं आदी, चिच लावून. म्हनलं, पोरीनं स्वच्छ भांडं सांगितलंय, काई कमी नगो."

भागुजींनी जन्मभर सरकारी गुरांच्या दवाखान्यात काम केलं होतं. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढलेले ते हात. त्या हातांनी त्यांनी एकेक शिंपला कसा उचलला असेल ते तेजस्विनीला दिसलं. घंगाळातले पाचही मिटलेले होते. एकाच्या फटीतून ओठाची निळी कड जेमतेम दिसत होती, सुरकुतलेली.

"मामा," ती म्हणाली. तिनं पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. "फार चांगलं केलंत. आता उठा, पाय अवघडले असतील. यांना मी जरा दुसरीकडे ठेवते."

"आता कशाला हलवतीस? बरी बसलीत की."

"टबात जागा जास्त मिळेल त्यांना."

शेजारच्या घरातून तिनं बाळाचा प्लास्टिकचा टब आणला. ड्रममधलं उरलेलं पाणी घातलं आणि पाचही त्यात ठेवले. हवेचा छोटा पंप लावला. घंगाळातलं पाणी तिनं घाईघाईनं मोरीत ओतून टाकलं, थेंबही न ठेवता. जानकाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही, आत्या."

जानकाबाईंनी घंगाळ तिच्या हातातून घेऊन भिंतीशी उपडं घातलं. मग म्हणाल्या, "च्या ठिवते," आणि आत गेल्या.

टाकी रिकामी करून, धुऊन, नवं पाणी कालवून भरायला दुसरा दिवस उजाडला. बादल्यांतले चार परत आत गेले आणि दुपारच्या दिव्यांत हळूहळू उघडले. टबातले पाच तिनं टाकीत घातले नाहीत. त्यांच्या अंगातलं तांबं टाकीत उतरलं असतं.

"ही येगळी का ठिवलीस?" भागुजींनी विचारलं.

"दमलीत ती. बीज टाकून दमतात."

"हां. गाईचंबी तसंच असतंय," ते म्हणाले, आणि खुर्ची टबाजवळ ओढून बसले.

ती पहाटे उठून आधी टबाकडे जायची. मेलेला शिंपला मिटत नाही. तो उघडा पडतो, हात लावला तरी आवळत नाही, आणि लगेच उचलला नाही तर दुर्गंधी सुटून शेजारच्यालाही घेऊन जातो. पहिला तिसऱ्या दिवशी गेला, तो मोठा निळा. मग एकामागून एक. शेवटचा जांभळा मात्र दोन आठवडे रेंगाळला. मध्येच एका सकाळी त्यानं थोडा ओठ बाहेर काढला, तेव्हा भागुजींनी तिला स्वयंपाकघरातून हात धरून बघायला आणलं. दुसऱ्या दिवशी तोही उघडा होता.

रुपेशचा फोन आला तेव्हा सगळे बाहेरच्या खोलीतच होते. जेवणं झाली होती. भागुजी सुपारी कातरत होते.

"जय भीम. उघडलेत ना सगळे?"

"चार आहेत," तेजस्विनी म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. लाईट जाणं, पाणी पांढरं होणं, ती शाळेत असणं. रुपेश मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता. पाणी किती वेळात बदललं? बाहेर कधी काढले? "लगेच काढले? मग मेले कसे? लगेच बाहेर काढले तर वाचतात." तो थांबला. "तेजू, तांबं लागलं का?"

समोर अडकित्त्याचा आवाज येत होता.

"हो."

"कुणी?"

"मीच."

"तू?"

"घाईत. माझ्या लक्षात राहिलं नाही." हे सगळंच खोटं नव्हतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. कुठल्याही भांड्यात ठेवा, असं तीच म्हणाली होती.

"एवढं एकच सांगितलं होतं तुला," रुपेश म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "एवढं एकच." आणि लाईन कापली, की त्यानं ठेवला, कळलं नाही.

"काय म्हनला?" भागुजींनी विचारलं.

"वाईट वाटलं त्यांना. पुढच्या बंदरावरून करतो म्हणाले."

पुढच्या बंदरावरून त्याचा फोन आला तो आईला. त्याच्या पुढच्या बंदरावरूनही. तेजस्विनी समोर वह्या तपासत बसलेली असायची आणि जानकाबाई फोनवर म्हणायच्या, "हाय की, हितंच हाय, देऊ का?" मग पलीकडचं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं. सांगते." काय सांगायचं ते कधी सांगायच्या नाहीत. तेजस्विनीही विचारायची नाही. शाळेत मुलं पाढे म्हणताना मध्येच तिला वाटायचं, खरं सांगून टाकावं. मग पाटावर भिजून बसलेले भागुजी आठवायचे आणि ती पुढचा पाढा घ्यायची.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. एका सकाळी भागुजी अंगणात घंगाळ घेऊन बसले. त्या दिवसानंतर ते घासायचं राहूनच गेलं होतं. बराच वेळ झाला तरी घासल्याचा आवाज येईना, म्हणून तेजस्विनी दारात आली. ते घंगाळाच्या आतून बोट फिरवत होते. पाणी जिथवर भरलं होतं तिथं गोल रेघ उमटली होती. निळसर हिरवी.

"मोरचूद. तांब्याचंच इख," भागुजी म्हणाले. तिच्याकडे न बघता. "शेळ्या-मेंढ्यांस्नी जास्ती झाला की जनावर लोळतंय बग. लई पाह्यलंय म्या." त्यांनी बोट धोतराला पुसलं. "घंगाळातलीच पाच गेली. बादलीतली ऱ्हायली."

तेजस्विनी त्यांच्याजवळ खाली बसली. "मामा, मीच म्हटलं होतं, कुठल्याही भांड्यात—"

"तांबं चालतंय का, म्या इचारलं न्हाई तुला." ते उठले. घंगाळ तसंच अंगणात राहिलं.

त्यानंतरचा फोन जानकाबाईंनी उचलला तेव्हा भागुजी खुर्चीतून उठून आले आणि त्यांनी हात पुढे केला. लेकाशी ते फोनवर कधी बोलायचे नाहीत. 'बरं हाय, जपून ऱ्हा' यापलीकडे त्यांचं वाक्य जात नसे. जानकाबाईंनी गोंधळून रिसीव्हर दिला.

"रुपेश, म्या बोलतोय. आयक. घंगाळ म्या काढलं व्हतं. तिनं न्हाई. ती शाळंत व्हती." ते थांबले. "मला ठावं नव्हतं. पर हात माजा. तिच्यावर कशाला डूख धरतोस?"

मग ते ऐकत राहिले. खोलीत पंपाची घरघर होती. जानकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. भागुजींचा चेहरा हलला नाही. "हं," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, "हं." मग रिसीव्हर त्यांनी तेजस्विनीपुढे धरला आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

"तेजू," रुपेश म्हणाला. "तू कशी आहेस?" त्या दिवशी शिंपल्यांचं त्यानं विचारलंच नाही.

लोडशेडिंग काही कमी झालं नाही. जूनच्या तोंडाला एकदा भर दुपारी लाईट गेली, आणि तासाभरात इन्व्हर्टरनंही मान टाकली. पंप थांबला. शेजारी निरोप द्यायला गेलेली तेजस्विनी धावत घरी आली, बादली आणि प्लास्टिकचा मग शोधत आत शिरली, आणि दाराशीच थबकली.

भागुजी टाकीपाशी उभे होते. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवलेली, पायाखाली पाट. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते पाणी हलवत होते, मागे-पुढे, मागे-पुढे, घाई न करता. हाताच्या कातडीला पाण्यानं सुरकुत्या आल्या होत्या. खाली चारही शिंपले अर्धवट उघडे होते, आणि पाणी हलेल तसे त्यांचे ओठ हलत होते.

"मामा, द्या, मी करते. कधीपासून उभे आहात?"

"ऱ्हाऊ दे."

"हात भरून येईल."

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "लाईट येस्तवर."

तिनं बादली खाली ठेवली. बाही वर केली आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहिली.